लेखांक आणि पृष्ठांक

इतिहासाच्या साधनांविषयीं आपल्या भाषेंत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कोणता कागद कोणास कोठें सांपडला, तो वाण्याच्या पुड्यांस जातां जातां कसा वांचला, या कथा वाचकांस आवडतात व त्या आवडण्यासारख्या आहेतहि. परंतु सांपडलेला कागद वाचकाच्या हातीं पोंचेपर्यंत त्याचीं किती रूपांतरें होतात, आणि प्रत्येक रूपांतरांत त्याचा ठावठिकाणा शाबूत राहतो कीं नाहीं, या प्रश्नाकडे द्यावें तितकें लक्ष दिलें गेलेलें नाहीं. मूळ कागद मोडी लिपींत, रुमालांत बांधलेला. त्याची बाळबोध नक्कल. नकलेवरून छापील ग्रंथ. ग्रंथाची दुसरी आवृत्ति. आणि आतां संगणकावरील प्रत. यांपैकीं प्रत्येक पायरीवर कोणी तरी मनुष्य कांहीं ठेवितो आणि कांहीं टाकितो. जें टाकिलें तें पुन्हां पाहावयाचें तर मागल्या पायरीवर जाण्याची वाट ठाऊक पाहिजे. ती वाट दाखविणें हेंच संदर्भाचें काम होय. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत ही वाट एकदां कशी बुजली आणि एकदां कशी बांधली गेली, तें प्रथम सांगूं; आणि आज संगणकाच्या एका साधनामुळें तोच प्रश्न नव्या रूपानें कसा पुढें आला आहे, तें मागून सांगूं.

मोडीची बाळबोध करणें हें पहिलें रूपांतर. तें वाटतें तितकें यांत्रिक नाहीं. मोडी लिहिणारा कारकून आधीं आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखालीं, लेखणी होईल तितकी कमी उचलून, अक्षरें लिहीत जाई. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची चाल नव्हती. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळिला जात नसे. त्यामुळें 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा हे दोन्ही शब्द कागदावर एकाच रूपानें उभे राहतात. 'तोरणसोडूनगेला' अशी अक्षरांची ओळ आली (हें उदाहरण आम्हींच कल्पिलें आहे) तर 'तो रण सोडून गेला' असें वाचावें कीं 'तोरण सोडून गेला' असें वाचावें, हें मागचापुढचा मजकूर पाहून ठरवावें लागतें. मितीची गोष्ट तर याहून बिकट. 'छ' या एका अक्षरानें चंद्र, अर्थात् मुसलमानी महिन्याची तारीख, सुचवावयाची आणि सन अरबी शब्दांनीं लिहावयाचा, हा पेशवाईंतील नित्याचा परिपाठ. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर व हजार. मिळून सुहूर सन ११७१. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इ. स. १७७० येतें, परंतु हें वर्ष मृगाच्या सुमारास लागत असल्यामुळें जानेवारीपासूनचे महिने १७७१ मध्यें पडतात. नक्कल करणारा हे सर्व निर्णय एकामागून एक करीत जातो. छापील पानावर मात्र ते निर्णय दिसत नाहींत. तेथें शब्द सुटे झालेले असतात, सूत व सुत वेगळे झालेले असतात, आणि इंग्रजी तारीख निःशंकपणें माथ्यावर बसलेली असते.

मोडीचे खिळे पाडून छापणें अशक्य होतें असें नव्हे. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीनें १८१० सालीं आपला मराठी कोश मोडी टायपांत छापला होता. पण पुढें छापखान्यांनीं बाळबोधच पत्करली, आणि त्या घटकेपासून मराठ्यांच्या इतिहासाचा प्रत्येक छापील कागद हा रूपांतरित कागद ठरला. ज्यास शंका येईल त्यास मूळ कागदापर्यंत जातां आलें पाहिजे, ही गरज तेव्हांच उत्पन्न झाली. ती गरज न भागल्यास काय होतें, याचें उदाहरण साताऱ्यानेंच घालून दिलें.

कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रज सरकारचा प्रतिनिधि होता. छत्रपति प्रतापसिंह महाराजांच्या दरबारचे कागद, जुन्या घराण्यांतील टिपणें व बखरी त्यास पाहावयास मिळाल्या. एवढी सामग्री एका परकी मनुष्याच्या हातीं त्यापूर्वीं कधीं आली नव्हती. तिच्या आधारानें त्यानें लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं लंडनास तीन भागांत निघाला. कॅप्टन डेव्हिड केपन यानें केलेल्या भाषांतरानें तो थोड्याच वर्षांत मराठींतहि आला. डफ आधार देत नाहीं असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. त्याच्या पानांच्या तळाशीं टीपा आहेत. परंतु त्यांपैकीं पुष्कळ टीपांत 'मराठी हस्तलिखितें' किंवा 'मराठी हस्तलिखितें व इंग्रजी दप्तर' एवढेंच लिहिलेलें असतें. कोणतें हस्तलिखित, कोणाच्या घरचें, कोणत्या मितीचें, याचा उलगडा त्यावरून होत नाहीं. आपण मिळविलेल्या कांहीं साधनांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या स्वाधीन केल्या आहेत, असें त्यानें सांगून ठेविलें होतें. म्हणजे वाट दाखविली होती. पण ती एका दारापाशीं जाऊन थांबत होती.

१८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच डफच्या ग्रंथावर टीका लिहिली. परकीयानें लिहिलेल्या आपल्या इतिहासाची आधार मागून तपासणी करणारा मराठींतील हा पहिल्या प्रयत्नांपैकीं एक होय. पुढील पिढीच्या शोधकांनीं मुंबईस तपास केला, तेव्हां डफनें ठेविलेल्या म्हणून सांगितलेल्या नकला तेथें मिळाल्या नाहींत. मग लोकांनीं ती रिकामी जागा आपापल्या तर्कांनीं भरून काढिली. काम झाल्यावर डफनें कागद जाळविले असाहि प्रवाद पसरला, व काशिनाथ त्रिंबक तेलंगांसारख्या विचारी पुरुषासहि त्याची नोंद घ्यावी लागली. त्या प्रवादाचा खरेंखोटेपणा ठरविण्याचें येथें कारण नाहीं. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, डफनें प्रत्येक टीपेंत कागदाची ओळख पटेल असा चार शब्दांचा मजकूर दिला असता, तर नकला हरवल्या तरी मूळ कागद दुसरीकडे शोधतां आला असता, आणि प्रवादास एवढी जागा उरली नसती. ग्रंथकार प्रामाणिक असूनहि त्याचा संदर्भ मोघम राहिला, तर तीन पिढ्यांनंतर त्याच्या प्रामाणिकपणाबद्दलहि संशय घेतां येतो.

या अनुभवाचें उत्तर त्याच मुलखांतून आलें. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांस वाईस जे कागद मिळाले, त्यांनीं त्यांच्या आयुष्याचें वळणच बदललें. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्यांत पानिपताच्या आगेमागेच्या काळचीं पत्रें आहेत, आणि प्रस्तावनेंत डफच्या ग्रंथाची झडती आहे. अस्सल कागदावांचून इतिहास नाहीं हा राजवाड्यांचा आग्रह सर्वांस माहीत आहे. त्या आग्रहाचें छापील स्वरूप मात्र फारच साधें होतें: प्रत्येक पत्रास एक आंकडा, माथ्यावर मिति, आणि खालीं पत्र. मालेचे २२ खंड निघाले, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, शेंकडों माणसें या कामास लागलीं; पण त्या साऱ्या व्यवहाराचें चलन म्हणजे तो लहानसा आंकडा. राजवाडे अमुक खंड, अमुक लेखांक, एवढें म्हटलें कीं वादी आणि प्रतिवादी एकाच कागदावर बोट ठेवीत.

मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं तर हेंच काम एकट्याच्या बळावर व अधिक नेटानें केलें. मिरजेचा आणि छपाईचा संबंध जुना आहे. १८०५ सालीं गंगाधरराव पटवर्धन यांनीं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता येथेंच छापविली होती. हातच्या पोथीस छापील रूप देण्याचा महाराष्ट्रांतील हा फार आरंभींचा खटाटोप. खरेशास्त्री हे मिरजेच्या शाळेंत संस्कृतचे शिक्षक. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांत त्यांचा प्रवेश झाला, आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' निघूं लागला. १९२४ सालीं शास्त्रीबोवा निवर्तले तोंवर, आणि त्यांच्यामागें त्यांच्या चिरंजीवांच्या हातून, तो खंडामागून खंड चालला. पानिपतानंतरच्या चाळीस वर्षांचा पेशवाईचा इतिहास या एका संग्रहावांचून लिहितां येत नाहीं. आधीं हकीकत द्यावयाची आणि मागून ती हकीकत ज्यांवरून सिद्ध होते तीं पत्रें छापावयाचीं, अशी त्यांची रीत. वाचकास संपादकाचें म्हणणें व संपादकाचा पुरावा एकाच पुस्तकांत ताडून पाहतां येतो.

खऱ्यांनीं आणखी एक गोष्ट केली, जिचें महत्त्व त्यांच्या काळीं फारसें कळण्यासारखें नव्हतें. त्यांनीं लेखांक प्रत्येक खंडांत एकपासून सुरू न करितां सर्व खंडांतून एकाच क्रमानें चालविले. त्यामुळें 'खरे, लेखांक अमुक' एवढ्यानें काम भागतें. खंड सांगावा लागत नाहीं, पृष्ठ सांगावें लागत नाहीं, आवृत्ति कोणती हेंहि विचारावें लागत नाहीं. पृष्ठांक हा छापखान्याचा असतो. कागदाचा आकार बदलला, टायप लहान घेतला, प्रस्तावना वाढविली, कीं पृष्ठांक हलतो. लेखांक पत्रासच चिकटलेला असल्यामुळें पत्र जेथें जाईल तेथें तो जातो.

कागदांच्या जागाहि हलतात, हें सातारकरांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं साताऱ्यास जो संग्रह उभा केला, त्यांत वाईजवळच्या मेणवलीचें नाना फडणिसांचें दप्तरहि आलें होतें. त्यांतील कांहीं भाग त्यांनीं 'इतिहाससंग्रह' मासिकांतून प्रसिद्ध केला. १९२६ सालीं पारसनीस वारले, आणि १९३९ सालीं तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला. जुन्या ग्रंथांत 'साताऱ्यास पारसनिसांकडे' असा आधार दिलेला असतो. आज तो कागद पाहावयास साताऱ्यास जाणाऱ्यास रिकाम्या हातानें परतावें लागेल. मिरजेची गोष्ट याहून मौजेची. खऱ्यांच्या वेळीं मिरज हें संस्थान होतें. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ सालीं तें दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यांत गेलें. आणि १९६० सालीं त्याच जिल्ह्याचें नांव सांगली झालें. गांव जागचें हललें नाहीं, पत्ता मात्र बदलत गेला. जो संदर्भ केवळ जागेवर भिस्त ठेवितो तो अशा वेळीं दगा देतो. जो कागदाची ओळख सांगतो तो टिकतो.

इतकें सांगण्याचें कारण असें कीं, आज पुन्हां एक मोठें रूपांतर चाललें आहे. जुने खंड संगणकावर चढत आहेत. मोडी लिपीसहि २०१४ सालीं युनिकोडांत स्वतंत्र स्थान मिळालें. म्हणजे आतां मोडी अक्षर मोडी म्हणूनच संगणकांत ठेवितां येतें. तरुण अभ्यासक आपले प्रबंध संगणकावरच लिहितात, आणि त्यांपैकीं कांहीं 'पॅनडॉक' नांवाचें एक साधन वापरूं लागले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे अध्यापक जॉन मॅकफर्लेन यांनीं तें २००६ सालीं प्रसिद्ध केलें; तें कोणासहि विनामूल्य मिळतें. त्यास चित्रें नाहींत कीं दाबावयाचीं बटनें नाहींत. अमुक फाईल घे आणि अमुक रूपांत दे, अशी आज्ञा एका ओळींत लिहावयाची, कीं तोच मजकूर छापण्याजोग्या पानांत, संकेतस्थळाच्या रूपांत किंवा वर्डच्या फाईलींत तयार होऊन येतो. मूळ मजकूर अगदीं साधा असतो: मथळ्याआधीं एक खूण, ठळक शब्दाभोंवतीं दोन दोन फुल्या, असें तें खुणांचें लेखन. १८२६ त ग्रंथाचा पोषाख छापखानदार ठरवीत असे; येथें लेखक पोषाखाची चिंताच करीत नाहीं, फक्त मजकुराचे अवयव दाखवून ठेवितो.

संदर्भांची व्यवस्था तर विशेष पाहण्याजोगी आहे. प्रत्येक ग्रंथाची किंवा कागदाची पूर्ण माहिती एका वेगळ्या फाईलींत एकदांच लिहावयाची आणि तीस एक लहानसें नांव द्यावयाचें. लिहितां लिहितां जेथें आधार द्यावयाचा तेथें चौकोनी कंसांत तें नांव आणि पृष्ठांक घालावयाचा. रूपांतराच्या वेळीं साधन त्या नांवावरून माहिती शोधतें, तळटीप हवी असल्यास तळटीप, कंसांत लेखक व वर्ष हवें असल्यास तसें, आणि शेवटीं ग्रंथांची यादीहि स्वतःच रचून देतें. एका मासिकाची पद्धत सोडून दुसऱ्याची घ्यावयाची झाली तर शेंकडों टीपा हातानें बदलाव्या लागत नाहींत. आज्ञेंतील एक शब्द बदलला म्हणजे झालें. आणि एखादें नांव मजकुरांत आलें पण यादींत नसलें, तर साधन गप्प बसत नाहीं. इशारा देतें आणि छापील पानावर त्या नांवापुढें प्रश्नचिन्ह उमटवितें. डफच्या 'मराठी हस्तलिखितें' या टीपेपुढें असें एक प्रश्नचिन्ह लंडनच्या छापखान्यांत उमटलें असतें, तर बरें झालें असतें असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

तरीपण या साधनाच्या मर्यादा ओळखल्यावांचून त्यावर विसंबतां येणार नाहीं, आणि त्या नेमक्या आपल्या दप्तरांच्या बाबतींत उघड होतात. पहिली गोष्ट, रूपांतरांत कांहीं गळतें हें पॅनडॉकचे कर्ते स्वतःच सांगतात: ज्या रूपांत अधिक बारकावे आहेत त्यांतून साध्या रूपांत आणितांना ते सर्व टिकतीलच असें नाहीं. मोडीची बाळबोध करणाऱ्यानेंहि एवढी कबुली प्रत्येक खंडाच्या माथ्यावर दिली असती तर वाचकाचें हितच झालें असतें. दुसरी गोष्ट, हें साधन पृष्ठ, प्रकरण, खंड, ओळ अशा ठराविक नांवांनीं स्थान ओळखतें. 'लेखांक' हा शब्द त्यास ठाऊक नाहीं. लिहिला तर तो पाठीमागें जोडलेला मजकूर म्हणून तसाच छापला जातो, पण स्थान म्हणून त्याची गणना होत नाहीं. शके आणि सुहूर सन यांचीहि त्यास ओळख नाहीं. तेथें केवळ इंग्रजी कालगणना. म्हणजे जो आंकडा आपल्या इतिहासकारांनीं अनुभवानें सर्वांत टिकाऊ ठरविला तोच येथें परका ठरतो, आणि जो पृष्ठांक संगणकाच्या पडद्यावर अर्थहीन होऊन जातो, कारण तेथें अक्षर मोठें केलें कीं पान बदलतें, त्यास मात्र मानाचें स्थान आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. यादींत नोंद आहे एवढेंच हें साधन पाहतें. कागद आहे कीं नाहीं हें तें पाहूं शकत नाहीं. उद्यां एखाद्यानें न पाहिलेल्या पत्राची नोंद यादींत घातली, किंवा दुसऱ्याच्या ग्रंथांतील आधार स्वतः पाहिल्याप्रमाणें उचलला, तर साधन त्याचीहि सुंदर तळटीप रचून देईल. डफची टीप मोघम होती म्हणून तरी कीर्तन्यांस शंका आली. नीटनेटकी, स्वल्पविराम जागच्या जागीं असलेली टीप शंकाच येऊं देत नाहीं, आणि म्हणूनच ती खोटी असल्यास अधिक घातक. हा धोका काल्पनिक नाहीं. आयत्या संदर्भांची चळत लावण्याची सोय जसजशी वाढते, तसतसा संदर्भ वाचून पाहण्याचा आळसहि वाढत जातो.

तेव्हां करावें काय? साधन टाकून द्यावें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. खऱ्यांस आणि राजवाड्यांस असें साधन मिळतें तर त्यांनीं तें हर्षानें वापरलें असतें, कारण त्यांचे कितीतरी दिवस प्रुफें तपासण्यांत आणि सूच्या करण्यांत गेले असतील. परंतु त्यांनीं साधनाच्या आधीं लेखांक दिला असता. वाई, सातारा, मिरज, सांगली, तासगांव येथील घरांत अद्यापि जे कागद आहेत ते संगणकावर घेणाऱ्यांनीं हाच क्रम पाळावा. प्रथम प्रत्येक कागदास एक कायमचा आंकडा द्यावा, जो रुमाल बदलला, घर बदललें, जिल्ह्याचें नांव बदललें तरी बदलणार नाहीं. मग कागदाचें छायाचित्र, मोडींतील मजकूर व बाळबोध वाचन हीं तिन्ही त्याच आंकड्याखालीं ठेवावीं, म्हणजे 'तो रण' कीं 'तोरण' हें वाचकास स्वतः ठरवितां येईल. मूळची मिति जशीच्या तशी लिहून इंग्रजी तारीख कंसांत द्यावी. कागद कोणाच्या घरचा, कोणत्या वर्षीं कोठें पाहिला, हें नोंदींत यावें. जुन्या खंडांची संगणकावर प्रत करितांना खरे-राजवाड्यांचे लेखांक मजकुरांतच, मथळ्यासारखे, ठेवावे. ते पानाच्या कोपऱ्यांत राहिले तर पहिल्याच रूपांतरांत गळून पडतील. हें सारें साध्या खुणांच्या लेखनांत बसतें. त्यास पैसा लागत नाहीं, फक्त शिस्त लागते.

साताऱ्यास ग्रँट डफपाशीं सत्ता होती, दरबारचे कागद होते आणि लंडनचा छापखाना होता; तरी त्याच्या कित्येक टीपांवरून आज कागदापर्यंत पोंचतां येत नाहीं. मिरजेच्या शाळेंतील संस्कृतच्या शिक्षकापाशीं यांतलें कांहीं नव्हतें. त्यानें पत्रांवर क्रमानें आंकडे घातले, आणि शंभर वर्षांनंतरहि त्या आंकड्यांवरून पत्र सांपडतें. आज नवें साधन हातीं घेणाऱ्या प्रत्येक अभ्यासकानें आज्ञेची ओळ लिहिण्यापूर्वीं हीं दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं, एवढीच आमची विनंती आहे.